मावशी कुंडाच्या काठावर

२ जानेवारी, शुक्रवार

सहलीची यादी झाली. तीस बायका, पंधरा जोड्या. मंडळाची चिटणीस म्हणून जोड्या लावणं माझ्याकडेच. कुंडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून उतरताना प्रत्येकीने आपल्या जोडीदारणीचा हात धरायचा, हा आमच्या महिला मंडळाचा जुना नियम. माझ्या नावापुढे इंदूमावशी लिहिलं. कुणी काही बोलायच्या आधीच लिहून टाकलं.

नंदाताईंनी अध्यक्षा म्हणून यादीवर नजर टाकली. "इंदूताई येणार? बरं, बरं." दोनदा बरं.

संध्याकाळी खाली मावशीकडे गेले. ती कुंडासाठी ब्लाउज निवडत बसली होती. हल्ली कोपराखालपर्यंत बाह्या घालते, चट्टे दिसू नयेत म्हणून. म्हटलं, पाण्यात कशाला लांब बाह्या, तो जुना निळा घाल. मीच म्हटलं.

मग तिने पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कागद. "वाच गो." त्वचेच्या डॉक्टरांकडून मराठीत लिहून आणलंय. 'यांना सोरायसिस आहे. हा आजार संसर्गजन्य नाही. स्पर्शाने, पाण्यातून किंवा अन्नातून दुसऱ्याला होत नाही.' सही, शिक्का.

"कुणी काय बोललं तर दाखवायला," म्हणाली. "आपण होऊन चिठ्ठी मागितली. डॉक्टर हसला."

तिचं माहेर संगमेश्वराकडे, गावातच गरम पाण्याचं कुंड. थंडीत शाळेआधी सगळी पोरं त्यात. आजी फडक्यात तांदूळ बांधून पाण्यात सोडायची, आंघोळी होईपर्यंत भात तयार. हे मी शंभरदा ऐकलंय. आज पुन्हा ऐकलं, कारण ती आज निराळं सांगत होती. पुढे घडायचं असल्यासारखं.

४ जानेवारी, रविवार

पावणेआठला घरी. पाय दुखतायत. जेवढं जमेल तेवढं लिहिते.

सहाला काळाचौकी नाक्यावरून बस. या वर्षी 'माहितीपर' सहल, कारण शेजारच्यांची सून पल्लवी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते आणि तिने बायकांना ज्वालामुखी दाखवायचं कबूल केलंय. पहिला मुक्काम अंधेरीची गिल्बर्ट हिल. चारी बाजूंनी इमारती आणि मध्येच काळ्या दगडाची उभी भिंत, खांबाला खांब लावून ठेवल्यासारखी. पल्लवी म्हणाली, लाव्हा थंड होताना आक्रसतो, त्याला उभे तडे जातात, त्यातून हे खांब. आपली अख्खी मुंबई याच लाव्हावर बसलीय.

नंदाताई : "म्हणजे आपण अंधेरीला दगड बघायला आलो? शिवडीचे दगड काय वाईट होते?"

मागून कुणीतरी : "तिथे चहा नसता मिळाला."

वर गावदेवीचं देऊळ. पायऱ्या दगडातच खोदलेल्या. इंदूमावशी खाली थांबली होती, खांबावर तळहात ठेवून. "हा आपल्या पाट्याचा दगड," म्हणाली. "आपण यावर वाटण वाटतो." पल्लवी एकदम खूश. म्हणाली, मावशी, माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगायला दोन तास लागतात.

शिरसाडला वळलो. रस्त्यासाठी डोंगर कापलेला, तिथे बस थांबवून थर दाखवले. एक उद्रेक, मग शांतता, मग त्यावर लाल मातीची रेघ, मग पुन्हा उद्रेक. थराथरांचा पोळा, मोठं घावणच, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना भुका लागल्या. बसमध्ये घावणे, लसणाची चटणी. मावशीचा डबा तिच्याच मांडीवर राहिला. मी त्यातला एक घेतला. एकच घेतला.

वज्रेश्वरीच्या पायऱ्या. देवीने दैत्य मारले, त्यांचं रक्त म्हणजे खालचं गरम पाणी, असं तिथली फुलवाली सांगत होती. पल्लवी म्हणाली, पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथे तापतं, दुसऱ्या भेगेने वर येतं. खाली आता ज्वालामुखी वगैरे काही नाही, तो केव्हाच निवला. खोलात ऊब असतेच.

मग अकलोलीची कुंडं.

ते उद्या.

५ जानेवारी, सोमवार

रजा टाकली. नवरा, म., ऑफिसला गेला. आता लिहितेच.

नदीकाठाला कुंडं, वर वाफ, गंधकाचा वास. बायकांच्या बाजूला कपडे बदलायची खोली. मावशीने निळा ब्लाउज घातला होता. कोपरापासून वरपर्यंत चट्टे, पांढऱ्या खपल्या. खोलीतलं बोलणं थांबलं, मग वेगळ्याच विषयावर सुरू झालं. मावशी केस बांधत होती. मोठा अंबाडा, उंच, भिजू नये असा.

नंदाताईंनी मला बाहेर बोलावलं. "मला काही नाही गं. पण बायका कुरकुरतायत. एकच पाणी ना. तू सांग तिला, तुझं ऐकेल. आणि वाईट वाटेल असं नको बोलू हं."

चिठ्ठी आहे म्हणून सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, आता चिठ्ठी काढायची, तीस जणींपुढे वाचायची, कुणीतरी काहीतरी बोलणार, सहलीचा विचका. तिलाच जास्त लागेल. हे सगळं मी तेवढ्या पाच पावलांत ठरवलं आणि त्याला तिची काळजी असं नावही दिलं.

"मावशी, इथला माणूस सांगून गेला, साठीच्या वरच्यांनी आज नको. पाणी फार तापलंय म्हणे. चक्कर येते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "असं म्हणाला?"

"हो."

"मग मी काय करू?"

"सगळ्यांचे दागिने सांभाळ. गंधकाने चांदी काळी पडते. आणि तुझ्याइतकं भरवशाचं कोण आहे?"

हे शेवटचं वाक्य. ते नसतं बोलले तरी चाललं असतं.

ती काठावरच्या कट्ट्यावर बसली. एकेकीने येऊन मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण तिच्या पदरात टाकलं. कुणी वाकून ठेवलं, कुणी जरा वरून सोडलं. पदर जड झाला तशी तिने त्याची गाठ मारली आणि गाठीवर दोन्ही हात ठेवले. सोनं धरायला ते हात चालत होते.

आणि मग नंदाताईंच्या सासूबाई, ऐंशीच्या पुढच्या, दोघींनी धरून कुंडात उतरवल्या. मावशीच्या डोळ्यांसमोरून. "अगं बाई गं, काय गरम!" म्हणून ओरडल्या आणि सगळ्या हसल्या. मी मावशीकडे बघितलं नाही.

माझी जोडी तिच्याशी होती. माझा हात धरायला कुणी नव्हतं. कठडा धरून उतरले.

आणि मला बरं वाटलं. हेही लिहायला हवं. पाठ मोकळी झाली, मान मोकळी झाली, डोळे मिटले. दहा-पंधरा मिनिटं मी तिला विसरले.

वर आल्यावर तिने प्रत्येकीचं प्रत्येकीला दिलं, एकही चूक नाही. "हे नंदाचं, वाटी दबलीय ह्याची." "पैंजण तुझं ना, घुंगरू गेलंय एक, बघ." एकीने गळ्यात घालायच्या आधी मंगळसूत्र पदराने पुसलं. मावशीने ते पाहिलं. मी पाहिलेलंही पाहिलं.

मग स्वतःचा कोरडा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला. "पूस नीट. सर्दी होईल."

६ जानेवारी, मंगळवार

म. ने विचारलं, पायाला काय झालं? जोडवी काढायची विसरले होते. कोळशासारखी काळी पडलीत.

मंडळाच्या वहीत सहलीचा अहवाल लिहायचाय. तारीख घातली, एक पान सोडलं.

लहानपणी आई हॉस्पिटलात कामाच्या पाळीवर असायची. मी शाळेतून थेट मावशीच्या खोलीवर. मिलमधल्या आठ-दहा माणसांचे डबे ती करायची, त्यांच्याआधी माझं ताट. मला गोवर आला तेव्हा चाळीत कुणी आमच्या दाराशी येईना. ती माझ्याशेजारी झोपायची, अंगाला अंग लावून. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, मला नाय होत काय.

तिला मी तीस जणींत धरू शकले नाही.

८ जानेवारी, गुरुवार

मी अधूनमधून लिहिते त्या रविवार पुरवणीच्या संपादकांचा फोन. 'मुंबईजवळचा ज्वालामुखी : एक दिवसाची भटकंती' असं काहीतरी द्या, सहाशे शब्द. बसले आणि दोन तासांत झालाही. गिल्बर्ट हिल, डोंगराचे थर, पाट्याचा दगड, सगळं छान जमलं.

शेवटच्या परिच्छेदात इंदूमावशी कुंडात उतरते. सगळ्यांच्या आधी, माझा हात धरून. पाण्यात हात पसरते आणि म्हणते, आमच्या गावचंच पाणी गो हे.

ठरवून नाही लिहिलं. हात लिहीत गेला. वाचल्यावर डोळे भरून आले. स्वतःच्याच खोट्याने. पाठवून टाकला.

तिचं नावसुद्धा बदललं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळाचे लाडू पूर्वी मंडळासाठी मावशी करायची. गेल्या वर्षापासून बाहेरून मागवतात, 'तिला त्रास नको' म्हणून. आज ती वाटीत पाच लाडू घेऊन वर आली, फक्त आमच्यासाठी. पायांकडे बघून म्हणाली, "जोडवी घास की. दंतमंजन लाव, निघतं." मी हो म्हणाले. लाडू तिच्यासमोर खाल्ला. सगळा, हावरटासारखा. तिला ते कळलं असणार.

१८ जानेवारी, रविवार

लेख आला. सकाळपासून मेसेज. 'मावशींचं चित्र काय उभं केलंस!' 'शेवट वाचून रडले.' मंडळाच्या ग्रुपवर नंदाताईंनी फोटो टाकला, खाली हात जोडलेले. त्या दिवशी कुंडात असलेल्या एकोणतीस जणींपैकी एकीनेही काही म्हटलं नाही. फुलं, बदाम, टाळ्या.

फक्त पल्लवी जिन्यात भेटली. "काकू, मावशी तर बाहेर बसल्या होत्या ना?"

"लेखात थोडं असं करावं लागतं गं."

"अच्छा," म्हणाली. पोरगी अठ्ठावीसची. माझ्यापेक्षा सरळ.

१९ जानेवारी, सोमवार

मावशी वर आली. हातात कात्रण, चौकोनी, नीट कापलेलं. चहा ठेवला.

"माझं नाव छापलंस."

"हो."

"चांगलं लिहिलंयस. पाट्याचं पण घातलंस." मग चष्मा लावून बोट ठेवलं. "हे मात्र चूक. 'आईच्या कुशीसारखं ऊबदार पाणी'. कुंडाचं पाणी तसं नसतं गो. आधी चावतं. बोटांच्या बेचक्यांत, गुडघ्यामागे. तेव्हा बाहेर पळायचं नाय, थांबायचं. मग सोडतं." माझ्याकडे बघितलं. "तू तर आत होतीस. एवढं पण नाय कळलं?"

चहा उतू गेला.

तिने ओटा पुसला. मी उभीच. ती म्हणाली, "मी कुठला ब्लाउज घातला होता, ते पण नाय लिहिलंस." आणि गेली. कात्रण घेऊन गेली.

रागावली असती तर… हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

मंडळाचं हळदीकुंकू. हॉलमध्ये साठेक बायका. नंदाताईंनी माईक माझ्या हातात दिला : "आपल्या सुजाताचा लेख, तिच्याच तोंडून!"

मावशी शेवटच्या रांगेत, भिंतीशी. लांब बाह्या.

वाचत गेले. थरांच्या पोळ्याच्या ठिकाणी हशा झाला. अकलोलीला आले, वाफ, गंधक, आणि शेवटच्या परिच्छेदाआधी थांबले. कागद खाली केला. "एवढंच," म्हणाले. ते मला धाडसाचं वाटलं. खरंच वाटलं, त्या क्षणी.

टाळ्या सुरू झाल्या. मागून मावशीचा आवाज : "माझं राहिलं."

टाळ्या थांबल्या.

"माझं राहिलं ना गो. वाच की. ह्यांना पण ऐकू दे."

मी वाचलं. ती सगळ्यांच्या आधी उतरली. माझा हात धरून. पाण्यात हात पसरले. एकेक वाक्य पुढच्या रांगेतल्या बायकांवरून जात होतं आणि एकेकीची मान खाली जात होती. नंदाताई वाणाच्या डब्या सरळ करत होत्या, ज्या सरळच होत्या. त्यांच्या सासूबाईंना कमी ऐकू येतं. त्या मोठ्याने म्हणाल्या, "कोण उतरलं? इंदू? ती तर आपलं सोनं घेऊन बसली होती!"



मावशी म्हणाली, "पाणी छान होतं हो, आजी." आणि हळदकुंकू लावून घ्यायला पुढे आली. नंदाताईंनी बोट टेकवलं.

२५ जानेवारी, रविवार

रथसप्तमी. सकाळी देवापुढे रांगोळीचा सूर्य काढला आणि तशीच खाली गेले. मावशी गॅलरीत उन्हाला हात धरून बसली होती. बाह्या वर केलेल्या. डॉक्टरांनी सांगितलंय, सकाळचं ऊन घ्या.

"मावशी, साठीचं कुणी म्हणालं नव्हतं त्या दिवशी."

"ठाऊक हाय."

"नंदाताईंच्या सासूला उतरवलं तेव्हा कळलं?"

"त्याच्याआधीच. तू खोटं बोलतेस तेव्हा माझ्या पायांकडे बघतेस. साय चोरून खायचीस तेव्हापासून."

मी पायरीवर बसले. म्हणाले, त्या बायका कुरकुरत होत्या, मला वाटलं तुला लागेल. ती ऐकत होती, हात उलटा करून दुसरी बाजू उन्हाला धरून.

"बायकांचं मला नवीन काय नाय," ती म्हणाली. "म्हणून तर चिठ्ठी घेतली होती. त्या बोलल्या असत्या तर मी काढून दाखवली असती. दोघी उतरल्या असत्या, दहा नसत्या उतरल्या. पण तू साठी काढलीस. त्याच्यावर कुठली चिठ्ठी दाखवू? माझं उत्तर माझ्या पर्समध्येच ऱ्हायलं."

खाली पाण्याचा टँकर आला होता, त्याचा आवाज.

म्हणाले, "आपण दोघी जाऊ. पुढच्या रविवारी. मी गाडी करते."

"दोघीच?"

"हो. निवांत."

"म्हणजे लपून." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "काय गो, मी काय चोरी केलीय? जाईन तर बसने जाईन. सगळ्यांच्या बरोबर. नाय तर ऱ्हायलं." मग जरा थांबून : "त्या तुमच्या वहीत काय लिहिलंस सहलीचं?"

"पान कोरं आहे."

"का?"

ती आत गेली, पर्स आणली, प्लास्टिकची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "ही तुझ्याकडे ऱ्हावू दे. मी काय दरवेळी सांगत फिरू? चिटणीस तू."

१ फेब्रुवारी, रविवार

पान लिहिलं. चार वेळा खाडाखोड, मग नवीन पान. लेखाला दोन तास लागले होते, या अर्ध्या पानाला आठवडा.

'श्रीमती इंदूताई कुंडात उतरण्यास तयार होत्या. काही भगिनींनी आक्षेप घेतल्याचे अध्यक्षांनी चिटणिसांस सांगितले. इंदूताईंजवळ डॉक्टरांचा दाखला आहे हे चिटणिसांस माहीत होते. तरी चिटणिसांनी त्यांना खोटे कारण सांगून बाहेर बसवले. इंदूताईंनी सर्वांचे दागिने सांभाळले.'

'चिटणीस' खोडून 'मी' केलं. मग वाटलं वहीत 'मी' चालत नाही. मग पुन्हा 'मी'.

म. ला दाखवलं. तो म्हणाला, "याच चाळीत राहायचंय आपल्याला." बरोबर आहे त्याचं. मग म्हणाला, "तिलाही."

८ फेब्रुवारी, रविवार

मंडळाची बैठक पाचला. विषय : १. सहलीचा अहवाल वाचून कायम करणे. २. पुढची सहल. नंदाताईंचा सकाळी फोन : "अहवाल दोन ओळींचाच ठेव गं. मागचं कशाला उकरायचं? इंदूताईंनाही आवडणार नाही." मी हं म्हणाले. हं म्हणजे काय, ते मलाही कळलं नाही.

त्यांना आवडेल म्हणून दोन ओळीही लिहून ठेवल्यात. सुट्या कागदावर. 'सहल आनंदात पार पडली.' वहीतच घातलाय तो कागद. हेही इथे लिहून ठेवते, म्हणजे मला माझ्यापासून लपवता येणार नाही.

दाखला पर्समध्ये. जोडवी अजून तशीच, घासली नाहीत.

साडेचारला मावशीने खालून हाक मारली. "येतेस ना गो? जागा धरून ठेवते." मी खिडकीतून पाहिलं. जिन्याशी उभी होती. निळा ब्लाउज. हात उघडे.

पाचला दहा कमी. वही घेतली. सुटा कागद आतच आहे. तो इथे ठेवून जावा की…

पुन्हा हाक मारतेय.